पावलंबाईची डिस्क

सिनेमाच्या धंद्यात तिला सगळे पावलंबाई म्हणायचे. पडद्यावर नायिका जिना उतरायची, खलनायक खडीवरून दबकत यायचा, एखादी म्हातारी सपाता फरफटत दाराकडे जायची, आणि त्या सगळ्यांच्या पायांचा आवाज एकाच बाईच्या पायांचा असायचा. शूटिंगच्या वेळी पावलं नीट ऐकू येत नाहीत. आली तरी त्यात दिवे सरकवणाऱ्यांची खुडबुड असते, कुणाचा तरी खोकला असतो. म्हणून नंतर बंद खोलीत, समोर चित्र लावून, कुणीतरी ती पावलं पुन्हा चालायची असतात. पावलंबाई ती चालायची. खोलीत एकीकडे लाकडी फळ्या, एकीकडे फरशीचा तुकडा, पत्र्याच्या ट्रेमध्ये खडी, वाळू, वाळका पाला, आणि कोपऱ्यात बुटांचा नि चपलांचा हा ढीग. उभा जन्म मी त्या चार हात जागेत मैलोन्‌मैल चालले आणि पोचले कुठेच नाही, असं ती स्वतःच हसून सांगायची.

आता ती चालत नव्हती. साखरेच्या आजारात उजव्या पायाची जखम चिघळत गेली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"कुठल्याही कामाला एका पायावर तयार," ती म्हणाली.

डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. पलंगाशी उभी असलेली थोरली मुलगी मात्र हसली, आणि मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून रडली.

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा ठेवायच्या आणि "आता वाचा बघू" म्हणायचं. ऑपरेशननंतर ती स्वतःची भाड्याची खोली सोडून आईकडे राहायला आली. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात होता. फोनवरून काळजी करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

आईसाठी कृत्रिम पाय तयार होऊन आला होता. पाय गेलेल्यांना चालायला शिकवणाऱ्या व्यायामवाल्या बाईंच्या हॉलमध्ये, दोन्ही हातांनी दांड्या धरून, ती त्यावर थोडी चालली. पहिल्या दिवशी बरी चालली. दुसऱ्या दिवशी मध्येच थांबली, खुर्ची मागितली आणि पाय काढून बाजूला ठेवला.

"दुखतंय," ती म्हणाली.

व्यायामवाल्या बाईंनी खालून, वरून, सगळीकडून बघितलं. लाली नाही, फोड नाही, कुठे घासलंय असंही नाही. "कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवा," त्या म्हणाल्या.

"दुखतंय म्हटलं ना. बोट काय ठेवायचं त्यात?"

तेव्हापासून तो पाय दारामागे टॉवेल गुंडाळून उभा होता. आई चाकाच्या खुर्चीत असायची. थोरली समजुतीनं बोलली, रागावून बोलली, धाकट्याला फोनवर बोलायला लावलं. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बघू." तिचं ते 'बघू' थोरलीला लहानपणापासून पाठ होतं. सहलीला जाऊ का, तर बघू. शाळेच्या कार्यक्रमाला येशील का, तर बघू. 'नाही'ला घरात पाहुण्यासारखं नीट बसायला जागा मिळावी म्हणून केलेली सोय होती ती, दुसरं काही नाही.

म्हणून एका सकाळी आईनं आपणहून काहीतरी मागितलं तेव्हा थोरलीला कोण आनंद झाला.

"मला तो माझा सिनेमा ऐकायचाय," आई म्हणाली.

तिनं आवाज दिलेले सिनेमे ढीगभर होते, पण 'माझा' म्हणावा असा एकच. तो फारसा चालला नव्हता. त्यात एक बाई नवऱ्याचं घर सोडून निघते आणि जवळजवळ सगळा सिनेमाभर चालत असते. जिन्यावरून, पुलावरून, खडीच्या रस्त्यावरून, ओल्या गवतातून. संवाद थोडे आणि पावलं फार. त्या काळच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं होतं की या सिनेमात नायिकेपेक्षा तिचे पाय जास्त चांगला अभिनय करतात. नायिकेला त्याचा राग आला होता म्हणे. आईनं ते कात्रण कधी जपून ठेवलं नाही, पण वाक्य मात्र तिला तोंडपाठ होतं.

त्या सिनेमाची डिस्क घरात होती. तिच्या पावलांचा आवाज टिपणाऱ्या जुन्या रेकॉर्डिस्टनं, म्हणजे मुलांच्या रेकॉर्डिस्टकाकांनी, ती तिला आणून दिली होती. डिस्क जगावेगळी. एरवी डिस्कच्या एका बाजूला चित्र छापलेलं असतं, ही दोन्ही बाजूंनी आरशासारखी चकचकीत. दोन्ही बाजूंना सिनेमा. कुठली बाजू कुठली, ते फक्त मधल्या भोकाभोवती मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं. आई ती पूर्वी अधूनमधून लावायची, पण घरातला प्लेअर केव्हाच बिघडला होता.

"कॉम्प्युटरवर कॉपी करून घे," धाकटा फोनवर म्हणाला. त्यानंच मागे ठेवून दिलेला जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. "एकदा फाइल झाली की डिस्क गेली तरी फिकीर नाही. मलाही पाठव. एक बाजू झाली की बाहेर काढायची, उलटी करायची, परत घालायची. पोळी उलटण्याइतकं सोपं आहे."

"तू कधी पोळी उलटली आहेस?"

"बघितलं आहे ना."

दुकानाला सुट्टी होती त्या दुपारी थोरलीनं काम काढलं. व्यायामवाल्या बाई आतल्या खोलीत आईच्या हातांचे आणि कमरेचे व्यायाम घेत होत्या. "वर... आणि सोडा," असा त्यांचा आवाज येत होता. थोरलीनं डिस्कची डबी उघडली. तिनं रोजच्या सवयीनं आधी मऊ फडकं शोधलं. काच कशी धरायची, कशी पुसायची, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ही डिस्क डबीतून निघेचना. मधल्या दात्यांनी ती अशी घट्ट धरली होती की मागितला तर जीव देतील पण डिस्क सोडणार नाहीत. थोरलीनं कडेनं बोटं घातली आणि वर ओढली. डिस्क धनुष्यासारखी वाकली, आणि टक्‌ असा बारीक आवाज झाला.

आवाज एवढुसाच होता. तिनं डिस्क उजेडात धरली. मधल्या भोकापासून केसासारखी एक चीर निघाली होती. अजून सिनेमापर्यंत पोचली नव्हती, पण निघाली होती.

तिनं धाकट्याला हळू आवाजात फोन केला.

"चीर? मग फिरवू नकोस," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण न फिरवता कॉपी होणार कशी? असं कर, एक डाव निघेल कदाचित. ज्या बाजूची जास्त गरज आहे ती आधी घे."

"कुठल्या बाजूची?"

"आईला विचार ना. आतच आहे ती."

आई खरंच आत होती. मध्ये एक पडदा आणि सात-आठ पावलं. पण विचारायचं म्हणजे आधी चीर पडल्याचं सांगायला लागणार. कितीतरी दिवसांनी आईनं काहीतरी मागितलं आणि ते आपण डबीतून काढतानाच मोडलं, हे त्या व्यायामवाल्या बाईंसमोर जाऊन सांगायचं? थोरली उठली नाही. तिनं डबीतला कागद काढून वाचला. पहिली बाजू: नव्याने ध्वनिमुद्रित आवृत्ती. दुसरी बाजू: मूळ आवृत्ती.

आईचे कान आता पूर्वीइतके तिखट राहिले नसणार, असं तिला वाटत होतं. वय झालं, आजारपण झालं. जुन्या बाजूला खरखर असेल. नवीन बाजूचा आवाज स्वच्छ, मोठा असेल. एकच मिळणार असेल तर चांगली का घेऊ नये? दुकानात ती लोकांना रोज हेच सांगायची, जुन्या काचेचा मोह धरू नका. तिनं पहिली बाजू खाली करून डिस्क ड्राइव्हमध्ये ठेवली आणि बटण दाबलं.

कॉपी चालू झाली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पायानं पुढे सरकत होती. मध्येच अडायची, ड्राइव्ह आतल्या आत गुरगुरायचा, आणि पुन्हा सरकायची. थोरली खुर्चीच्या कडेवर जीव मुठीत धरून बसली होती. आतल्या बाई निघून गेल्या, आई पडून राहिली, आणि शेवटी पट्टी भरली. फाइल झाली. थोरलीनं ती उघडून बघितली. चित्र झकास, आवाज घंटेसारखा. तिच्या जिवात जीव आला.

इथे ती थांबली असती तर डिस्क वाचली असती. पण एवढं निभावलंय तर दुसरी बाजूही होऊन जाईल, असं माणसाला वाटतंच. तिनं डिस्क बाहेर काढली. चीर मघापेक्षा लांब झाली होती की तशीच होती, हे तिनं नीट बघितलं नाही. खरं तर बघायचं टाळलं. उलटी केली. घातली. ड्राइव्ह फिरायला लागला, वेग घेतला, आणि डबा आतून कुणीतरी लाथ मारून फोडावा तसा आवाज झाला.

"काय फुटलं गं?" आतून आई.

"ग्लास," थोरली म्हणाली. "हातातून सुटला."

"ग्लास असा नाही फुटत. ग्लास फुटला की आधी खळ्‌कन होतं आणि मग तुकडे पळतात. हे कोंडलेलं काहीतरी फुटलंय."

"आई, लोक दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतात, तू कान खुपसतेस. ग्लास आहे, मी भरतेय."

थोरलीनं स्क्रू काढून ड्राइव्ह उघडला आणि चांदीच्या रंगाच्या ठिकऱ्या वर्तमानपत्रात गोळा केल्या. काही बाणासारख्या टोकदार होत्या. एक तिच्या अंगठ्यात घुसली. पुडी बांधून तिनं ती स्वतःच्या कपाटात, कपड्यांच्या मागे सारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरला चांगले स्पीकर जोडले, आईची खुर्ची समोर आणून लावली, मांडीवर चादर घातली. आईनं केस नीट विंचरले होते. त्या दोन मिनिटांत थोरलीला खरोखर वाटलं की सगळं ठीक होणार आहे.

सिनेमा चालू झाला. नायिका दार लोटून बाहेर आली आणि लाकडी जिना उतरायला लागली. खट, खट, खट. आईनं डोळे मिटले होते. मग उघडले. नायिका फाटकातून खडीच्या रस्त्यावर आली. आईनं मान एका बाजूला केली, जशी ती पूर्वी भाजी शिजतेय का करपतेय हे नुसतं ऐकून ठरवायची.

"चालतंय कोण?" ती म्हणाली.

"कोण म्हणजे? हीच. नायिका."

"ती मला दिसतेय. चालतंय कोण?"

थोरलीला प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा तिला डबीतला कागद आठवला.

"ही मी नाही," आई म्हणाली. "ही बाई आधी टाच टेकवते. घर सोडून निघालेली बाई टाच टेकवत नाही, मागे कुणी ऐकेल म्हणून चवड्यावर जाते. मी जिना अनवाणी चालले होते, चपला हातात धरून. रेकॉर्डिस्ट म्हणाले होते, चित्रात तिच्या पायात चपला आहेत. म्हटलं, असू देत, चित्र कोण बघतंय. ही कोण आहे? दुसरी बाजू लाव."

थोरलीनं आईच्या मांडीवरची चादर उगाच सारखी केली.

"डिस्क आण. दुसरी बाजू लाव म्हणतेय ना मी."

"दुसरी बाजू नाहीये, आई."

"काल फुटलं ते तेच होतं."

हा प्रश्न नव्हताच. थोरलीनं मान हलवली. मग तिनं सगळं सांगितलं: डबीचे दाते, चीर, धाकट्याचा फोन, कागदावरची ओळ. शेवटी म्हणाली, "नवीन आवाज चांगला असेल म्हणून. तुला नीट ऐकू यावं म्हणून."

"मला नीट ऐकू यावं म्हणून!" आईचा आवाज चढला. ऑपरेशनपासून तो एकदाही चढला नव्हता. "मी इथे पलीकडे होते. पडद्याआड. मला विचारायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं? पाय गेला म्हणून काय कानही गेले माझे? डोकं गेलं? सगळे मिळून माझ्यासाठी चांगलं काय ते ठरवतात. डॉक्टर ठरवतात, त्या बाई ठरवतात, आता तू. एक गोष्ट मागितली होती मी. एक!"

"तुझ्यासाठीच केलं ना!"

"माझ्यासाठी नको करूस काही!"

थोरली ताडकन उठली. मनात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं असतं ते असं नको त्या वेळी वर येतं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तू आमच्यासाठी कुठे काय केलंस? सगळ्या जगासाठी चाललीस. शाळेच्या कार्यक्रमाला एकदा तरी चालत आलीस? मी स्टेजवरून दाराकडे बघत राहायचे. आम्हाला तुझी पावलं ऐकायला मिळायची ती थिएटरात, तिकीट काढून!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकवेना. स्पीकरमधून ती परकी बाई अजून खडीवरून चालतच होती. आईनं स्वतःच्या हातानं चाकं फिरवली आणि आत गेली. पडदा ओढल्याचा आवाज आला.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. गोळी. पाणी. दिवा घालव. धाकट्यानं आकाशपाताळ एक केलं म्हणे, आणि कुठून तरी त्या सिनेमाची दुसरी डिस्क मिळवून पाठवली. पण ती साधी एका बाजूची निघाली, आणि तिच्यातही तीच नवीन बाई चालत होती. तेव्हा थोरलीनं दुकानातून लवकर सुट्टी घेतली आणि रेकॉर्डिस्टकाकांचं घर गाठलं.

काका तळमजल्यावर एकटे राहायचे. दोन्ही कानांत यंत्रं. समोर टीव्ही चालू होता, पण आवाज पूर्ण बंद.

"यंत्रातून सगळं पत्र्यावर पडल्यासारखं येतं," ते म्हणाले. "त्यापेक्षा मुकं बरं. बस. आई कशी आहे?"

थोरलीनं काय झालं ते सांगितलं. डिस्क फुटली इथपर्यंत ते नुसते ऐकत होते. पहिल्या बाजूची गोष्ट निघाली तसे ते खुर्चीत खाली खाली गेले.

"ऐकलंच तर तिनं शेवटी," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मी होतो ना तिथे. सिनेमा डिस्कवर पुन्हा काढायचा ठरला तेव्हा जुने आवाज काढून बघितले. संवाद बरे होते, संगीत बरं होतं. पावलांच्या फितीला बुरशी लागली होती. खराबच झाली होती असं नाही, थोडी मेहनत घेतली असती तर साफ झाली असती. पण त्यांना घाई होती. एका नवीन मुलीला बोलावून दोन दिवसांत सगळी पावलं पुन्हा चालवून घेतली. दुसऱ्या बाजूला जुन्या प्रिंटचा आवाज खरखरीसकट तसाच टाकला. मी म्हटलं, जिची आहेत तिला तरी बोलवा. तर म्हणाले, त्या बाईंचं वय काय आता. मी पुढे बोललो नाही. माझंही वयच झालं होतं."

"आणि आईला?"

"तिला सांगायला तोंड कुठे होतं? डिस्क नेऊन दिली आणि म्हटलं, दोन नंबरची बाजू ऐकत जा. का म्हणून तिनं विचारलं नाही. मला वाटलं तिला कळलं असेल आणि माझी लाज राखतेय." त्यांनी टीव्हीकडे बघितलं. "मूळ फिती मिळतील का म्हणून आली आहेस ना? गोदाम रिकामं केलं तेव्हा टेम्पो भरून गेल्या कचऱ्यात. कुठे काही शिल्लक नाही, बाळ. असतं तर मी स्वतः घेऊन आलो असतो, खोटं नाही सांगत."

घरी येऊन थोरलीनं आईला हे जसंच्या तसं सांगितलं. आता काही लपवायचं नाही असं तिनं वाटेत ठरवून टाकलं होतं. आई खिडकीपाशी होती.

"कोण होती ती मुलगी?"

"त्यांना आता आठवत नाही."

"कुणी शिकवलं नसेल तिला. दोन दिवसांत काय चालणार बिचारी." मग म्हणाली, "खाली बस. मान दुखते तुझ्याकडे वर बघून."

थोरली पलंगाच्या कडेवर बसली.

"तो पाय दुखत नाही," आई म्हणाली. "तुला काय वाटलं, मला माझं कौतुक ऐकायचं होतं? पहिल्या दिवशी त्या हॉलमध्ये सगळीकडे गलका होता म्हणून मी चालले. दुसऱ्या दिवशी कुणी नव्हतं, तेव्हा मला ऐकू आलं. एक पाऊल माझं आणि एक ठोकळा. एक माझं, एक ठोकळा. माझा जन्म लोकांची पावलं चालण्यात गेला, आणि मला असं चालताना मीच ऐकायचं? सिनेमात लंगडा दाखवायचा असला की मी तसा आवाज काढायचे, आणि रेकॉर्डिस्ट म्हणायचे, वा! लोक भ्यायचे त्याला."

"हे सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझा पाय बेसूर आहे? व्यायामवाल्या बाईंनी वेड्यात काढलं असतं." आईनं चादरीची घडी उलगडली, परत घातली. "मी कशी चालायचे ते विसरायला लागलेय. खरंच. आठवायला गेलं की तो ठोकळाच ऐकू येतो. म्हटलं, एकदा नीट ऐकावं. उजवं पाऊल कसं पडायचं, किती वेळ टिकायचं. मग दार लावून घ्यावं आणि त्याची नक्कल करत बसावं. आजवर सगळ्यांची केली, म्हटलं स्वतःची का जमू नये."

थोरलीनं तोंड ओंजळीत झाकलं. रडू आलं ते आवाज न करता आलं, पण आईच्या कानांपुढे आवाज न करता रडून काय उपयोग.

"पुरे," आई म्हणाली. "आणि शाळेचं म्हणालीस ते. एकदा आले होते मी."

"नाही आलीस."

"आले होते. तुझं गाणं निम्मं झालं होतं. मागे दाराशी उभी राहिले. पायांत स्टुडिओतले बूट तसेच होते, पुढे आले असते तर सगळ्यांनी माना वळवल्या असत्या. संपायच्या आत परत गेले, काम अर्धं टाकून आले होते म्हणून." ती थांबली. "त्यानं काही भरून येत नाही, मला माहितेय. पण आले होते."

खरं मानावं, तर इतकी वर्षं सांगितलं का नाही. खोटं मानावं, तर त्या पायाच्या दुखण्याखेरीज आईला खोटं बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. थोरली उठली आणि तिनं दिवा लावला.

आठवड्यानं ती आईला घेऊन पाय बनवणाऱ्या कारखान्यात गेली. आई हो म्हणाली नव्हती, पण 'बघू'ही म्हणाली नव्हती. कारखाना म्हणजे एक लांबट शेड होती. भिंतीवर ओळीनं टांगलेले पाय, पांढरी धूळ, आणि कानशीचा आवाज. तिथला कारागीर जाडसर, घामेजलेला, उतावळा माणूस होता.

"कुठे टोचतंय?" त्यानं विचारलं.

"टोचत नाही. वाजतोय," आई म्हणाली.

"वाजणारच की. पाय आहे तो, कापूस नाही."

"दुसऱ्याच्या पायासारखा वाजतोय. तळ बदलून बघा."

त्यानं थोरलीकडे बघितलं, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं. थोरली म्हणाली, "त्या म्हणतात तसं करून बघा ना."

त्यानं रबराचा तळ लावला. आई दांड्यांना धरून चालली आणि म्हणाली, चिकट. त्यानं चामड्याचा लावला. कोरडा. मऊ रबर आणि टाचेला बुचाची चकती लावली. आई ऐकत ऐकत चालली, थांबली. "जरा बरं," ती म्हणाली, "पण माझा नाही." कारागिरानं अजून एक-दोन प्रकार केले, मग कानस खाली ठेवून म्हणाला, "बाई, यापुढे माझ्याकडे काही नाही. तुमचा पाय मी करू शकत नाही. एक पाय करू शकतो."

आई त्याच्याकडे बघत राहिली. थोरलीला वाटलं, झालं, आता खुर्ची मागणार. पण ती म्हणाली, "बुचाचाच राहू दे."

बाहेर शेडला लागून एक लांब सिमेंटचा व्हरांडा होता. तिथे दांड्या नव्हत्या. एका हातात काठी, दुसरा हात थोरलीच्या खांद्यावर ठेवून आई तीन-चार पावलं चालली. टप, धप. टप, धप. काठीचा आवाज वेगळाच. ती उभी राहिली आणि तिचा चेहरा असा झाला की थोरलीला पुढे बघवेना.

"मी नाही ऐकू शकत हे," आई म्हणाली.

"मग आज नको. घरी जाऊ."

"घरी जाऊन काय? तिथेही हाच." तिनं दोनदा श्वास घेतला. "तुझ्या पायांत काय आहे?"

थोरलीनं खाली बघितलं. "बूट. दुकानात घालते ते, रोजचे."

"जरा आपटत चाल. माझ्याबरोबर, माझ्या पावलावर पाऊल. म्हणजे मला तुझंच ऐकू येईल."

थोरली चालायला लागली. आईच्या डाव्या पावलाला डावं, उजव्याला उजवं. सिमेंटवर तिचे बूट खाडखाड वाजत होते. पलीकडे बाकावर बसलेल्या दोन माणसांनी वळून बघितलं. खांद्यावरचा आईचा हात घट्ट होता, बोटं रुतत होती.

"इतकं नाही, काय पलटणीत आहेस का?" आई म्हणाली. "गुडघा सैल सोड. हां. आणि एक लक्षात ठेव, डिस्कचं मी विसरलेली नाही."

"नको विसरूस."

"विसरणारही नाही. चाल."

व्हरांड्याच्या टोकाशी एक पायरी होती. आई तिच्यापाशी थांबली, पायरीकडे बघितलं, मग थोरलीकडे. "ही आज नको," ती म्हणाली. दोघी तिथेच वळल्या.